‘गूढ’ आजार कोणाच्या सोयीचा?

गरिबाघरची मुले एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात, एकामागून एक मरू लागली की आपल्या सरकारी पत्रकांत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द हमखास अवतरतो. तो शब्द म्हणजे ‘गूढ’. गूढ तापाचे थैमान, अज्ञात रोगाने बालके दगावली, तज्ज्ञही चक्रावले. हा शब्द योजणाऱ्यांना बहुधा प्रामाणिकपणे वाटत असावे की आपण वैद्यकशास्त्राच्या मर्यादेविषयी काही सांगत आहोत. वस्तुतः गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या देशात गाजलेल्या ‘गूढ’ बालरोगांचे दप्तर कोणी चाळून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. अनेक ठिकाणी उत्तर मुलाच्या घरातच पडलेले होते. कधी ते दुधाच्या भांड्यात होते, कधी खोकल्याच्या बाटलीत, कधी रानातल्या शेंगेत आणि कधी आदल्या रात्रीच्या रिकाम्या ताटात. ते विचारायला फार उशिरा कोणी गेले. आणि जे आधी गेले होते त्यांचे ऐकून घ्यायला वर कोणाला सवड नव्हती.

परासियाचे प्रकरण ताजे आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करणे बरे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातला हा कोळसाखाणींचा मुलूख. सप्टेंबर २०२५ मध्ये येथील लहान मुले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, साध्या सर्दी-तापाने आजारी पडली. आईबापांनी त्यांना दवाखान्यात नेले, औषध आणले, वेळेवर पाजले. ताप उतरलाही. आणि मग दोन-चार दिवसांनी मुलांची लघवी बंद झाली, उलट्या सुरू झाल्या, अंगावर सूज आली. जवळचे मोठे शहर नागपूर. ज्यांना जमले त्यांनी उधारउसनवार करून, दागिने गहाण टाकून मुलांना नागपूरच्या इस्पितळांत आणले. तेथे रक्त शुद्ध करण्याच्या यंत्रावर ती मुले ठेवली गेली आणि त्यांतली बहुतेक तेथेच गेली. वीसहून अधिक मुले या एका औषधाने मारली.

आता या आजाराकडे वैद्याच्या दृष्टीने पाहा. ताप येणे आणि मूत्रपिंड बंद पडणे या दोन गोष्टी एकत्र आणणारे जंतुरोग आहेत, नाही असे नाही. परंतु येथे क्रम काय होता? ताप उतरल्यावर मूत्रपिंड गेले. ज्या घरात दोन मुले आजारी पडली, पण औषध एकालाच पाजले गेले, तेथे काय झाले? मुले एका विहिरीचे पाणी पिणारी होती की एका दुकानातून औषध घेतलेली? हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि आईजवळ बसून घालवायला अर्धा तास लागतो. नागपुरात मूत्रपिंडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा नलिकांचे अस्तर झडून गेलेले दिसले. विषबाधेची ही खूण. मात्र शासकीय यंत्रणेचे पथक गावात पाण्याचे नमुने घेत होते, डास धरत होते, रक्ताच्या कुप्या पुण्याच्या विषाणुसंस्थेकडे धाडत होते. हे करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण ३ ऑक्टोबर रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने जाहीर केले की तपासलेल्या औषधांच्या नमुन्यांत विषारी द्रव्य आढळले नाही. आणि ते पत्रक वाळते न वाळते तोच तामिळनाडूच्या औषध-नियंत्रण खात्याने, जेथे कारखाना होता तेथूनच नमुना उचलून, अहवाल दिला की त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आहे. मुभा आहे ०.१ टक्क्याची. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती.

हे द्रव्य चवीला गोड, पाण्यासारखे स्वच्छ आणि यंत्राच्या थंडाव्यासाठी वा कारखान्यातील इतर कामासाठी वापरायचे. औषध विरघळवण्यासाठी जे शुद्ध द्रव्य लागते ते महाग. त्याच्या नावाने हे स्वस्तातले पिंप कारखान्यात येते, आणि कच्चा माल तपासण्याचा कायदेशीर नियम कागदावर पाळला जातो. मुलाच्या शरीरात त्याचे आम्ल होते, ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळते, मग मज्जातंतू, मग मेंदू. वेळीच ओळखले तर उतारा आहे. पण वेळीच ओळखण्याची अट अशी की डॉक्टरच्या मनात हा संशय आधी आला पाहिजे.

आणि तो यायला नको होता काय? १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसे मारली आणि त्यातून १९३८ साली तेथला कडक औषध-कायदा जन्माला आला. ते दूरचे म्हणून सोडून द्या. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, त्यांनी मंत्रालयापासून औषधभांडारापर्यंतच्या साखळीचे जे वाभाडे काढले ते महाराष्ट्राने १९८८ साली वाचले आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. १९९८ साली दिल्लीच्या रुग्णालयांत गुडगाव परिसरातली ३६ मुले मूत्रपिंड बंद पडून आली. त्यांतली ३३ वाचली नाहीत. औषध खोकल्याचे होते. २०१९ च्या अखेरीस जम्मूतील रामनगरची डझनभर मुले. तेथे चंडीगडच्या डॉक्टरांनी बाटलीकडे बोट दाखवले. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० मुले, आणि बाटल्या आपल्या देशातून गेलेल्या. इतके झाल्यावर भारतातील कोणत्याही बालरोगतज्ज्ञासमोर अचानक लघवी बंद झालेले मूल आले तर त्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न ‘कोणते औषध पाजले, बाटली आणली आहे का’ हाच असला पाहिजे. नागपूरच्या डॉक्टरांच्या तोंडून तो निघाला, हे त्यांचे ऋण. पण तो प्रश्न एखाद्या सावध डॉक्टराच्या स्मरणशक्तीवर का अवलंबून राहावा? लेंटिन आयोगाचा अहवाल कपाटात आणि विष बाजारात, अशी ही चाळीस वर्षांची वाटणी आहे.

परासियात अटक प्रथम कोणाला झाली? औषध लिहून देणाऱ्या डॉक्टराला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याविरुद्ध ओरड केली, ती अगदी निराधार नव्हती. दवाखान्यात बसून बाटलीतील रसायन ओळखण्याचे साधन कोणत्याही डॉक्टराजवळ नसते. त्या कारखान्याची घटनेनंतर तपासणी झाली तेव्हा साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. मुले मेल्यावर ज्या एका भेटीत साडेतीनशे त्रुटी दिसतात, त्या आधी वर्षानुवर्षे परवाना नूतन करणाऱ्यांना दिसल्या नाहीत, त्यांच्याविषयी बोलायचे सोडून एका डॉक्टराला बेड्या घालणे हे सरकारला स्वस्तात पडते. परंतु डॉक्टरमंडळींनीही येथे फार निरागसपणा पांघरू नये. सर्दीवरच्या त्या मिश्रणातील दोन द्रव्ये चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा आदेश केंद्रीय औषध-नियंत्रकांनीच डिसेंबर २०२३ मध्ये काढला होता. लहान मुलाची सर्दी आपोआप जाते, हे वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात लिहिलेले असते. तरीही बाटली दिली जाते. बाटली दिली नाही तर आई म्हणते डॉक्टरांनी काहीच दिले नाही; आणि डॉक्टरला ‘काहीच देऊ नका, कोमट पाणी पाजा, श्वास मोजा, लघवीकडे लक्ष ठेवा’ हे समजावून सांगायला जी दहा मिनिटे लागतात ती त्याच्याजवळ नसतात किंवा त्या दहा मिनिटांचे कोणी पैसे देत नाही. औषध-कंपन्यांच्या प्रतिनिधींची पिशवी या दहा मिनिटांच्या पोकळीत येऊन बसते.

मुजफ्फरपूरची कहाणी याहून लांबलचक आणि याहून लाजिरवाणी आहे. बिहारच्या या जिल्ह्यात लिचीच्या बागा आहेत. १९९५ पासून तेथे दर मे-जूनमध्ये मुले मरत. लोक त्याला ‘चमकी’ म्हणतात, कारण मूल एकाएकी आचके देऊ लागते. रात्री ते हसतखेळत झोपलेले असते. पहाटे तीन ते आठच्या दरम्यान किंकाळी, आचके, बेशुद्धी. आणि दुपारपर्यंत सारे संपते. वीस वर्षे याचे निदान झाले ते ‘मेंदूज्वर’ या सदराखाली. विषाणू शोधले गेले. जपानी मेंदूज्वर म्हणून पाहिले, तो नव्हता. उष्माघात म्हणून पाहिले. मग ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ असे एक भारदस्त नाव चिकटवले गेले, ज्याचा अर्थ इतकाच की मुलाला ताप आहे आणि शुद्ध हरपली आहे. हे नाव मुळात मोजदाद करण्यासाठी, रजिस्टरात रकाना भरण्यासाठी तयार झाले. आपल्याकडे रकान्यालाच निदान समजण्याची चाल पडली.

वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांनी येथे जे केले त्याला अवजड यंत्रांची गरज नव्हती. त्यांनी मुजफ्फरपूरच्या बालरोगतज्ज्ञ अरुण शहांबरोबर बसून लक्षणांचा क्रम लावला. विषाणूने मेंदूला सूज आली तर सहसा आधी ताप येतो, मग आचके. येथे अनेक मुलांत आचके आधी होते. सूज असेल तर पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पेशी वाढतात. येथे ते पाणी बहुधा स्वच्छ होते. म्हणजे हा मेंदूचा दाह नव्हे, शरीरातल्या रसायनांचा बिघाड आहे. पहाटेच का? कारण रात्रभराच्या उपासाने रक्तातली साखर पहाटे तळाला जाते. मे-जूनमध्येच का? लिचीच्या हंगामामुळे. लिचीच्या कुळातील ॲकी नावाचे फळ जमैकात खाल्ले जाते आणि ते कच्चे खाल्ल्याने होणारा उलट्यांचा जीवघेणा रोग वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लिचीतही त्याच जातीचे द्रव्य असते.

२०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने आणि अमेरिकेच्या तशाच संस्थेने मिळून नीट अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या हंगामात दोन रुग्णालयांत आलेल्या ३९० मुलांपैकी १२२ दगावली. ज्यांची साखर तपासली त्यांतील सहा दशांशांहून अधिक मुलांची साखर उतरलेली होती. लिचीतील विषाचे अंश अनेक मुलांच्या लघवीत सापडले. आणि या अभ्यासाचा जो निष्कर्ष मंत्र्यांच्या भाषणांत फारसा ऐकू येत नाही तो असा: आजारी पडलेल्या मुलांत आदल्या संध्याकाळी न जेवलेल्यांचे प्रमाण अधिक होते.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. जेवलेल्या मुलाच्या यकृतात साखरेचा साठा असतो. रात्री तो साठा हळूहळू रक्तात सुटतो. साठा संपला तर शरीर चरबी जाळते आणि नवी साखर बनवते. लिचीतील द्रव्य ही दुसरी वाट बंद करते. म्हणजे ज्याचा साठा भरलेला आहे त्या मुलाने शेर-दोन शेर लिची खाल्ली तरी त्याला सहसा काही होत नाही. बागमालकाची मुले लिची खातातच की. जे मूल दिवसभर बागेत पडलेली, कच्ची, कोणी न विकत घेतलेली फळे खाऊन पोट भरते, संध्याकाळी न जेवता झोपते, आणि महिनोन्महिने जेमतेम जेवत आल्याने ज्याच्या यकृतात साठा मुळातच नाही, त्याच्या दोन्ही वाटा एका रात्रीत बंद होतात. आजारी पडणारी मुले मुख्यतः भूमिहीन दलित मजुरांची असतात, हा योगायोग नव्हे. तो या रोगाच्या यंत्रणेचाच भाग आहे. लिचीवर सारा दोष टाकणाऱ्यांशी बागवाल्यांनी भांडण केले, आणि ते त्यांच्या धंद्यापुरते होते हे खरे, परंतु त्यांचे एक म्हणणे चुकीचे नव्हते: एकट्या फळाने मूल मरत नाही. अर्थात त्यापुढचे वाक्य बोलायला, म्हणजे मग ते कशाने मरते आणि त्याच्या बापाला आपण मजुरी किती देतो, बागवालेही तयार नव्हते.

उपाय काय निघाला? मुलाला रात्री उपाशी झोपू देऊ नका. आचके आलेल्या मुलाची साखर ताबडतोब तपासा, आणि तपासण्याची सोय नसेल तर न तपासता शिरेतून ग्लुकोज द्या, तेही शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंत न थांबता गावच्या आरोग्य केंद्रातच. इतके स्वस्त निदान आणि इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचित सापडेल. काही वर्षे गावोगाव सांगितले गेले, आकडे खाली आले. मग ढिलाई आली. जून २०१९ मध्ये बिहारमध्ये दीडशेहून अधिक मुले पुन्हा त्याच पहाटेच्या आचक्यांनी गेली. त्यासंबंधीच्या बैठकीत राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी क्रिकेटच्या सामन्यात किती गडी बाद झाले अशी पृच्छा केली, हे साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिले. ज्या केंद्रीय मंत्र्यांनी २०१४ साली मुजफ्फरपुरात येऊन मुलांसाठी शंभर खाटांच्या कक्षाचे आश्वासन दिले होते, त्यांनीच २०१९ साली येऊन शंभर खाटांच्या कक्षाचे आश्वासन दिले. मंत्र्यांची स्मरणशक्ती मुलांच्या यकृतासारखी नसावी अशी अपेक्षा आपण ठेवत होतो.

वर्तमानपत्रांत तेव्हाही मथळा होता: गूढ आजार. पाच वर्षांपूर्वी उलगडलेला.

आता कोणी म्हणेल, प्रत्येक आजारात भूक आणि भेसळ शोधणे हा तुमच्या साम्यवादी-समाजवादी मंडळींचा छंदच आहे. विषाणू काय थोतांड आहेत? नाहीत. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेल्या विषाणूने २००३ साली आंध्रात आणि २०२४ साली गुजरातेत मुले मारली. पण गोरखपूरकडे पाहा. तेथे १९७८ पासून जपानी मेंदूज्वराच्या साथी येत. लस आली, तो रोग हटत गेला, तरी मुले मरतच राहिली, आणि दशकभर उत्तर एकच: अज्ञात विषाणू. शेवटी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या दिशेने पाहिले तेव्हा दिसले की त्या मुलांतील निम्म्याहून अधिकांना स्क्रब टायफस असावा, जो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो आणि ज्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे काही रुपयांचे जुने औषध सुरुवातीलाच दिले तर मूल वाचते. ‘अज्ञात विषाणू’ हे निदान डॉक्टरला निष्क्रिय करते. विषाणूवर औषध नाही, आधार देत राहायचे, इतकेच उरते. शिवाय त्याचा एक राजकीय गुण असा की विषाणूवर खटला भरता येत नाही, त्याचा परवाना रद्द करता येत नाही आणि त्याने मजुरी बुडवली असे म्हणता येत नाही.

उत्तर प्रदेशातीलच बिजनौरचे उदाहरण मला डॉक्टरांना आवर्जून सांगावेसे वाटते, कारण ते कोणत्याही मोठ्या संस्थेतून आलेले नाही. पावसाळा संपला की तेथली दोन-चार वर्षांची मुले उलट्या, बेशुद्धी आणि यकृतनाशाने दोन-तीन दिवसांत मरत. सरकारी नोंद तीच, मेंदूज्वर. विपिन वशिष्ठ नावाच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाला ते पटेना. यकृत, स्नायू आणि मेंदू अशा तिन्ही ठिकाणी एकदम घाला घालणारा हा कसला मेंदूज्वर? त्यांनी जॉन आणि इतरांच्या मदतीने मुलांच्या घरी चौकशी केली, आजारी मुलांची निरोगी मुलांशी तुलना केली, आणि २००७ साली प्रसिद्ध केले की मुलांनी पडीक जमिनीवर माजलेल्या कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. तेच झुडूप आपल्याकडेही रस्त्याकडेला पावसाळ्यानंतर शेंगांनी लगडते. मोठ्यांना ते ठाऊक असते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत; पण आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर एकटे हिंडणारे तीन वर्षांचे पोर हिरव्या शेंगा सोलून खाते. पुढे २०१६ साली ओडिशातील मलकानगिरीत शंभरावर आदिवासी मुले गेली, आधी सारा दोष जपानी मेंदूज्वराला दिला गेला, आणि तेथेही पुढे याच झुडपाचे विष मुलांच्या लघवीत निघाले. नऊ वर्षांत बिजनौरची वार्ता मलकानगिरीपर्यंत पोचली नव्हती. एका बालरोगतज्ज्ञाने आपल्या वहीतून जे शोधले ते दुसऱ्या राज्याच्या आरोग्य खात्याला कळवण्याची यंत्रणा या देशात नव्हती.

याच्या उलट उदाहरण शोधायला दूर जायला नको. ‘लिव्हर झालंय’ हे शब्द महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या आयांना धडकी भरवीत. वर्ष-दीड वर्षाचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले जात, म्हणून लोक म्हणत घराण्याला शाप आहे. डॉक्टर म्हणत आनुवंशिक असावे. या रोगाचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते आणि जगात तो जवळजवळ भारतापुरताच म्हणून त्याला ‘भारतीय’ हे विशेषण लागले होते. १९७० नंतरच्या दशकात या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे आणि आनंद पंडित यांनी, इंग्लंडच्या टॅनर यांच्यासह, पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला होता: बाळाचे दूध कशात तापवता? कशात ठेवता? आईचे दूध केव्हा थांबवून वरचे दूध कधी सुरू केले? १९८३ साली त्यांनी दाखवले की आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध मिळाले होते आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवले वा साठवले जात होते. दूध तांबे उचलते. घराण्याचा शाप वंशात नव्हता. सासूकडून सुनेकडे आलेल्या पातेल्यात होता.

कल्हईवाला दारावरून नाहीसा झाला आणि स्टीलची भांडी आली, तेव्हा हा रोग पुण्याच्या आसपासच्या गावांतूनही ओसरला. थोडे स्टीलच्या कारखान्यांचे, थोडे डॉक्टरांच्या सांगण्याचे श्रेय. त्याची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथे आईला गुन्हेगार न ठरवता तिला माहीतगार साक्षीदार मानले गेले. तिच्या स्वयंपाकघरात काय आहे हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? उलट मुजफ्फरपुरात अधिकारी सांगत राहिले की आया मुलांकडे लक्ष देत नाहीत, रात्री जेवू घालत नाहीत. काय जेवू घालावे, हे त्या अधिकाऱ्यांनी सांगितले नाही.

मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षापासून शिकवतात की निदानातला मोठा वाटा रुग्णाच्या कथनातून येतो. मग विद्यार्थी बाहेर पडतो आणि जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसतो, जेथे रांग एवढी की एका मुलाला दोन मिनिटे मिळत नाहीत. गाव-पाड्याची बोली त्याला येत नाही, मुलाची आई साहेबांसमोर घाबरून ‘ताप येतोय’ एवढेच बोलते, आणि तो ताप लिहितो. जे मूल सर्वांत गरीब असते ते सर्वांत लांबून आणि सर्वांत उशिरा येते, म्हणून त्याच्याशी बोलायला सर्वांत कमी वेळ उरतो. ते मेले तर शवविच्छेदन होत नाही. आईबाप तयार नसतात, गाडी परत न्यायची असते, आणि कोणी समजावतही नाही. घरी मेले तर नोंदही होईलच असे नाही. ‘कोवळी पानगळ’ या २००१ सालच्या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी मोजणी किती तोकडी आहे हे दाखवून दिले, त्याला आता पाव शतक होत आले. मोजलेच नाही त्याचे निदान कसे होणार?

म्हणून मागण्या काय त्या साध्या शब्दांत मांडतो, आणि त्या विशेषतः आपल्या राज्याच्या आरोग्य खात्याला उद्देशून आहेत, कारण परासियाची मुले आपल्या नागपुरात मेली आणि उद्याची कदाचित मेळघाटातून वा नंदुरबारातून येतील. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात साखर तपासण्याचे यंत्र, त्याच्या चालू पट्ट्या आणि मुलांना देण्याजोगे ग्लुकोज असावे. यंत्र आहे पण पट्ट्या संपल्या आहेत, हे उत्तर ग्राह्य धरू नये. एका महिन्यात एका तालुक्यात तीन मुले सारख्या लक्षणांनी दगावली तर चोवीस तासांत घरी जाऊन चौकशी व्हावी, आणि त्या चौकशीच्या नमुन्यात औषधाची बाटली, तिचा तुकडी-क्रमांक आणि विकत घेतल्याचे दुकान हे रकाने असावेत. औषधांच्या सरकारी तपासण्यांचे निकाल, पास आणि नापास दोन्ही, कंपनीच्या नावासह तत्काळ जाहीर व्हावेत. दूरच्या गावातल्या डॉक्टराने ‘हे मेंदूज्वरासारखे वाटत नाही’ असे कळवले तर त्याला कारणे-दाखवा नोटीस न जाता उत्तर जावे. यातल्या एकाही गोष्टीला परदेशातून तज्ज्ञ आणावे लागत नाहीत.

आणि आणखी एक रकाना. मूल आजारी पडण्याच्या आदल्या दोन संध्याकाळी त्याने काय खाल्ले? हा प्रश्न सरकारी अर्जात छापला गेला तर बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर लिहिताना अर्ज भरणाऱ्या सेविकेचा हात थांबेल, हे मला ठाऊक आहे. त्या रकान्यात ती जे लिहील ते तहसीलदाराच्या टेबलावर जाईल, तेथून रेशनच्या हिशेबाशी आणि रोजगार हमीच्या हजेरीपटाशी ताडून पाहावे लागेल. हा रकाना अजून का छापला गेला नाही, याचे कारण खात्यातील अधिकाऱ्यांना आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असावे.